आधी ‘कुठे?’, मग ‘कोण?’

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे हं! रुग्णवाहिका पाठवणाऱ्या कचेरीत, मावशींच्या संगणकावर मी उजळतो. फोन आला की मावशी माझ्या चौकटींत माहिती भरतात आणि गाडी सुटते. दिसायला मी साधा, राखाडी. पण माझ्यासारखा मीच, हे मी छाती फुगवून सांगतो.

माझ्या आधीचा पडदा भलता नखरेल होता. त्याची पहिली चौकट नावाची, आणि ती भरल्याशिवाय स्वारी पुढे सरकतच नसे. घाबरलेला माणूस कधी आधी नाव सांगतो का? तो ओरडतो, “लवकर या!” मग मावशी नावाच्या जागी ‘ककक’ ठोकून पुढे जात. तिकडे दवाखान्यात परिचारिका हाका मारी, “ककक कोण आहे?” आणि सगळे एकमेकांची तोंडे बघत.

मला घडवायला आलेल्या ताईने त्या नोंदी पाहिल्या आणि ती चक्रावलीच. “मावशी, या कककांचं खानदान केवढं मोठं आहे!”

“अगं, ती सगळी माझीच लेकरं!” मावशी म्हणाल्या.

ताई पोट धरून हसली, पण तिला खरी अडचण कळली. मग ती रोज स्टूल ओढून मावशींच्या शेजारी बसू लागली. माणसे फोनवर आधी काय बोलतात, मावशींची नजर कुठे जाते, सारे तिने टिपले आणि मला घडवले. माझी पहिली चौकट ‘कुठे?’ ती भरली की गाडी निघालीच. बाकीचे गाडी वाटेवर असताना विचारायचे.

कित्येक वर्षे मी राबलो. “हा माझा उजवा हात,” असे मावशी येईल त्याला सांगत. मग नवे साहेब आले. “काय हा कळकट पडदा!” म्हणत त्यांनी माझ्या शेजारीच एक रंगीबेरंगी, झुळझुळीत पडदा आणून बसवला. “संध्याकाळी जुना बंद करा.” खरे सांगतो, मला फार लागले ते.

दुपारी फोन वाजला. “अहो, हे पडलेत! श्वास घेत नाहीत! पाण्याच्या टाकीमागे, निळं फाटक!” एक बाई रडत होती. नव्या पडद्याने आधी नाव मागितले. मावशींनी जुन्या सवयीने ‘ककक’ लिहिले. तो लालबुंद होऊन म्हणाला, ‘खरे नाव लिहा.’

“तुझं नाव घाल चुलीत!” मावशींनी खुर्ची माझ्याकडे वळवली. टाकीमागे, निळे फाटक. गाडी सुटली! “बाई, छातीवर दोन्ही हातांनी दाबत राहा, थांबू नका,” मावशी बाईंना सांगत राहिल्या. साहेब मागे उभे होते. त्यांनी सारे पाहिले.

संध्याकाळ झाली, पण मला कुणी बंद केले नाही. माझी नावाची चौकट अजून रिकामीच होती. मावशींनी दवाखान्यात फोन लावला. “त्या निळ्या फाटकवाल्यांचं नाव काय हो?”

परिचारिका म्हणाली, “थांबा हं, त्यांनाच विचारते.”

मावशींनी डोळे पुसले आणि माझी चौकट भरली. साहेब कोपऱ्यातले स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणासाठी काहीतरी घडवाल. तेव्हा आधी ते स्टूल ओढा.