तोफेतला बोळा

टक्.

एवढाच आवाज. पण भर दुपारी, बाळ नुकतंच झोपलेलं असताना तो झाला आणि घरातले सगळे जागच्या जागी थिजले. सासूबाईंचं बोट वाटाण्याच्या शेंगेत अडकलं. नवऱ्याची अर्धी शिंक नाकातच राहिली. मी दुधाची बाटली घेऊन एका पायावर उभी, कारण दुसरा पाय जिथे पडायचा तिथली फरशी डुगडुगते.

पॅसेजच्या टोकाला माझा धाकटा भाऊ हॉकी स्टिक धरून उभा होता. स्टिकच्या वाकड्या टोकाला बाळाची लोकरीची टोपी चढवलेली, सशाच्या कानांची. बॉलला मोजे गुंडाळलेले. एवढं करूनही बॉल दाराच्या चौकटीला लागला होता. त्यानं भुवया उंचावून माफी मागितली. मी डोळे वटारून ती नाकारली. पाळण्यात बाळानं एक लांब सुस्कारा सोडला, कूस बदलली आणि झोप पुढे चालू ठेवली. सासूबाईंनी शेंग फोडली. शिंक मात्र वाया गेली.

आमचं बाळ एरवी गुणी आहे. हसतं, दिसेल त्याला हात करतं, कुणाकडेही जातं. झोपेच्या बाबतीत मात्र त्याच्याइतकं मानी माणूस मी पाहिलेलं नाही. कुठे भांडं वाजलं की त्याला तो स्वतःचा अपमान वाटतो, आणि मग संध्याकाळपर्यंत समजूत काढत बसावं लागतं. म्हणून दाराची बेल आम्ही काढून ठेवली. नळाच्या तोंडाला चिंधी बांधली. कुकर शिट्टी मारायच्या बेतात आला की मी त्याला उचलून गॅलरीत नेते.

पण यातूनही एक सुटका होती आणि ती माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या हातात होती. बाळानं डोळे उघडले की तिनं घरभर ओरडत सुटायचं, "बाळ उठलं! बाळ उठलं!" की मिक्सर सुरू, कुकर सुरू, सासूबाईंचा त्यांच्या बहिऱ्या बहिणीला फोन सुरू. नवरा साठवलेल्या शिंका एकामागून एक सोडायचा. आणि भाऊ गच्चीवर जाऊन भिंतीवर धाडधाड बॉल मारायचा. एकदा लेकीला करमेना म्हणून तिनं बाळ गाढ झोपेत असतानाच आरोळी ठोकली. त्या दिवशी मी तिला समोर बसवून खोटं का बोलू नये हे इतकं सविस्तर समजावलं की शेवटी मलाच पेंग आली.

भाऊ आमच्याकडे राहायला आला तो मैदानासाठी. मैदान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. लहानपणापासून सगळे त्याला तोफ म्हणतात. त्यानं मारलेला बॉल दिसायचाच नाही, गोलमागच्या फळीवर आदळल्यावर कळायचं की मारला. आणि त्याआधी त्याचा स्वतःचा आवाज, "देऽऽ! इकडे देऽऽ!" तो तर पलीकडच्या गल्लीतही ऐकू जायचा. ज्युनियर संघात हा जाणार याबद्दल त्याच्या सरांना तिळमात्र शंका नव्हती. मग तो इकडे आला, पाठोपाठ बाळ आलं, आणि तोफ कुठेतरी अडकली. ना पुढे, ना मागे.

कारणं शोधायला घरात माणसं कमी नव्हती. नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, त्यामुळे त्याला साऱ्या जगाचं दुखणं डोळ्यांतच दिसतं.

"नंबर लागलाय याला," म्हणत त्यानं भावाला दुकानातल्या खुर्चीत बसवलं. भावानं तक्ता वाचला, तक्त्याखालचं छापखान्याचं नाव वाचलं आणि वर म्हणाला, "भावजी, तुमचं दुसरं बटण तुटायला आलंय."

सासूबाईंचं निदान वेगळं. "प्रेमात पडलाय तो."

"काहीतरीच काय, आई!"

"अगं, नुसत्या भुवया उडवत असतो. काल पाणीसुद्धा खुणेनं मागितलं."

"बाळ झोपलं होतं म्हणून."

"मला नको शिकवूस. खुणा करणारी माणसं मी खूप पाहिलीत. त्यातल्याच एकाशी माझं लग्न झालं."

शनिवारी भाऊ पाण्याची बाटली विसरून गेला, ती द्यायला मी मैदानावर गेले, तर सरांनी मलाच धरलं.

"काय खायला घालता हो याला?"

"सगळंच खातो, सर. जरा जास्तच."

"मग आवाज कुठे जातो? बॉल थांबवतो ते कापसात पडल्यासारखा. असा मऊ हात माझ्या एकाही पोराचा नाही. पण हाक मारत नाही! अहो, ज्याच्याकडे बॉल असतो त्याची मान खाली असते. त्याला ओरडून सांगावं लागतं, मी मोकळा आहे, इकडे दे. हा भुवया उडवतो! मैदानात भुवया कुणाला दिसतात? आणि मारतो तोही असा, की जसं काही बॉलला दुखेल. तोफेत कुणीतरी बोळा कोंबलाय, बाई. उद्या निवडीचा शेवटचा सामना. उद्या निघाला तर निघाला, नाहीतर मी दुसऱ्याला घेणार."

घरी आले तर बाबांचा फोन. त्यांचं टायरचं दुकान आहे. "नाही झाली निवड तर पाठव त्याला परत. इथे कामाला माणूस नाही."

भाऊ शेजारीच बसला होता. त्यानं ऐकलं. उठून पाळण्याशी गेला आणि बाळाच्या पोटावर दोन बोटांनी थोपटत बसला. ते थोपटणं या घरात त्याच्याइतकं कुणाला जमत नाही. मला एकदम भरून आलं. तेही मी आवाज न करता उरकलं.

रविवारी सासूबाई बहिणीकडे आणि नवरा दुकानात, म्हणून मी दोन्ही पोरं घेऊन मैदानावर गेले. बाळ खांद्यावर, पोर बोटाला. भावानं पिशवीतून स्टिक काढली आणि सगळं मैदान हसलं. सशाचे कान तसेच होते.

"तोफराव, टोपी घालून खेळणार का?" सर ओरडले. त्यानं लाल चेहऱ्यानं टोपी काढून माझ्या हातात दिली. शिट्टी झाली. आणि तेवढ्यात, नको त्या मुहूर्तावर, माझ्या खांद्यावर बाळ झोपलं.

भाऊ धावत होता छान. रिकामी जागा त्याला बरोबर दिसायची. गोलसमोर एकटा, मोकळा पोहोचायचा, आणि मग माझ्या खांद्याकडे बघून गप्प उभा राहायचा. भुवया मात्र अशा उडत होत्या की दोन पाखरंच. बॉल दुसरीकडे जायचा. सरांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली.

"हाक मार रे, हाक!" मी म्हटलं. म्हटलं कसलं, पुटपुटले. सारं मैदान बोंबलत होतं, तरी बाळ ढिम्म, आणि मी मात्र कुजबुजत होते.

उत्तरार्ध संपत आला. बरोबरी. भाऊ पुन्हा मोकळा. या वेळी त्यानं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि सवयीनं माझ्याकडे पाहिलं.

आणि माझं बोट, मी शपथेवर सांगते, आपोआप ओठांवर गेलं. शूऽऽ.

त्याचं तोंड मिटलं.  बोळा कोण, ते मला तिथे उभ्याउभ्या कळलं. बोट खाली घ्यायचंही सुचेना.

माझ्या लेकीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मामाकडे. मग दोन्ही हात तोंडाशी धरून, पोटातून ओरडली,

"मामाऽऽ! बाळ उठलंऽऽ!"

घरातली आवाजाची मुभा ती. त्याच्या अंगात एकदम वीज शिरली. "देऽऽ! इकडे देऽऽ! अरे बहिऱ्या, इकडेऽऽ!" पंचसुद्धा दचकला. ज्याच्याकडे बॉल होता त्यानं घाबरूनच तो याच्याकडे सोडला. भावानं स्टिक उचलली, आणि बॉल दिसलाच नाही. मागच्या फळीवर आवाज झाला. धाड!

बाळ माझ्या खांद्यावर फूटभर उडालं आणि गळा काढून रडायला लागलं. मी त्याला थोपटत रडत होते. का, ते नक्की सांगता येणार नाही.

सर टोपी झटकत आले. "हाच तो आवाज! कुठे ठेवला होता इतके दिवस?"

"घरी," मी म्हटलं.

"घेतला त्याला. आणि त्या पोरीला पुढच्या सामन्याला आणा. बाळालाही आणा."

भाऊ धावत आला, घामानं निथळत, बाळाला उचलून त्याच्याच कानाशी "गोऽऽल" म्हणाला. बाळ जास्तच रडलं. लेक मात्र कपाळाला आठ्या घालून, माझा पदर ओढत उभी होती.

"आई, मी ओरडले तेव्हा बाळ झोपलं होतं ना?"

"हो गं."

"पण मी ओरडले म्हणून मामा ओरडला, आणि मग ते खरंच उठलं."

"हो."

"मग मी खोटं बोलले, की खरं?"