घासलेला ड्रम

आमच्या थोरल्याचं तोंड एरवी बंद होत नाही, पण ‘माझं चुकलं’ म्हणायची वेळ आली की दातखीळ बसते.

चार दिवस आमच्या तळ्यातली कोळंबी खात नव्हती. खाद्याची चाळणी वर काढली की दाणे जसेच्या तसे. तळाच्या गाळाला सडक्या अंड्यांचा वास. शेजारच्या तळ्यांत रोग शिरल्यापासून आम्ही बाहेरचं पाणी घेत नाही. आहे तेच पाणी राखायचं, आणि घाण खाणारे चांगले जिवाणू पुडीतून आणून ड्रममध्ये गुळाच्या पाण्यात वाढवून रोज तळ्यात सोडायचे. मी दुसरी शिकलेली, पण विरजण मेलं तर दही लागत नाही एवढं मला कळतं.

थोरला म्हणाला, “पुड्याच बनावट निघाल्या. खाडीकडचं फाटक उघडून ताजं पाणी घेतो.”

सून म्हणाली, “अहो, ड्रमला आंबूस वास नाही, फेस नाही. तुम्ही तो घासता कशाने?”

“तू तुझं स्वयंपाकघर बघ!” कामगारांसमोर गुरकावला.

ती चाळणी घेऊन बांधाकडे वळली. मी कसली गप्प बसते? ड्रममध्ये हात फिरवून बोटं हुंगली. ब्लीचिंग पावडर!

“नऊ दिवस झाले, माल बघायला लोक येतात, आई. घाण वास मारतो तो.”

“मग पावडरीने घासल्यावर नीट धुतोस तरी का?”

“एकदा पाणी फिरवतो की.”

म्हणजे नऊ दिवस हा शहाणा आधी जिवाणू मारत होता आणि मग त्यांची मढी तळ्यात ओतत होता. स्वच्छतेचं हे वेड त्याला मीच लावलं, भांड्याला डाग दिसला की पाठीत धपाटा घालून. ते मात्र मी बोलले नाही.

सुनेने नवा ड्रम आणून गूळ भिजवला, पुडी सोडली. दुसऱ्या दिवशी फेस धरला. तळ्यात ओतलं, पाण्यात हवा घालणारे पंखे अखंड चालू ठेवले. तरी सकाळी काठाला सात-आठ कोळंब्या मरून पडलेल्या. थोरला फाटकाच्या चाकाला हात लावून उभा.

“आई, वाट बघत बसलो तर सगळं पीक जाईल.”

“आणि शेजाऱ्यांनी आपली रोगट तळी कुठे रिकामी केली? याच खाडीत ना?”

तरी त्याचा हात चाकावरून काही निघेना. सून बांधावर चाळणी धरून उभी होती, माझ्याकडेच बघत.

“हात काढ तो,” मी म्हणाले. “पीक वाचेल की जाईल, मला ठाऊक नाही. पण तळं माझ्या नावावर आहे, आणि आजपासून ते तुझी बायको बघेल. ती सांगेल तेव्हाच हे चाक फिरेल. तोवर तू पंखे सांभाळ, आणि तेही तिला विचारून.”