चौदा एप्रिलचे फ्रॉक

धुळ्यात देवपूरच्या त्या गल्लीत ज्या घरात बाळ जन्मलं, त्या घरात लिलाबाईच्या हातचं दुपटं पोचलं नाही असं वीस वर्षांत झालं नव्हतं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिची उमर गेली. शिवणकामाचे पैसे मात्र तिने कुणाकडून घेतले नाहीत. झबली, टोपडी, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, मैत्रिणींना बाजाराच्या पिशव्या, असं काही ना काही तिच्या पायमशीनवर चालूच असायचं. नवरा लवकर गेला. तिने एकुलत्या एका मुलाला, प्रशीलला, एकटीने वाढवलं, नोकरीला लागलेला पाहिला, त्याचं लग्न केलं. सून मेघा शांत होती, शिकलेली होती. नात झाली तिचं नाव मयुरी ठेवलं.

मयुरी दोन वर्षांची असताना मेघाचा भाऊ भेटायला आला होता. संध्याकाळी त्याला सोनगीरला सोडून ये, असं मेघाने प्रशीलला सांगितलं. प्रशील मोटरसायकलवर गेला, भावाला उतरवलं आणि परतताना हायवेवर एका ट्रकने त्याला उडवलं. घरी आणला तेव्हा चेहरा झाकलेला होता.

त्या दिवशी, दारात माणसं उभी असताना, लिलाबाई सुनेकडे बघून बोलली, "हीच पांढऱ्या पायाची. हिनेच धाडला त्याला."

ज्या बाईने दर पौर्णिमेला विहारात बसून असल्या खुळचट समजुतींविरुद्धची भाषणं ऐकली, गल्लीतल्या बायांना चार गोष्टी सुनावल्या, तिच्याच तोंडून हे निघालं. लोकांनी दुःखात बोलली म्हणून सोडून दिलं. पंधरवड्याने मेघाने मयुरीला कडेवर घेतलं, कपड्यांची एक पिशवी घेतली आणि भावाबरोबर माहेरी निघून गेली. लिलाबाई उंबऱ्यात उभी होती. थांब म्हणावं असं तिला वाटत होतं. दीड वर्षाने कळलं, मेघाचं दुसरं लग्न झालं, चाळीसगावला. माणूस चांगला आहे, पोरीला त्याने आपलं नाव दिलं आहे.

लिलाबाईची एकच जिवाभावाची मैत्रीण होती, बेबाबाई. दोघी एकाच गल्लीत, एकाच विहारात. बेबाबाईची मुलगी दिपमाला चाळीसगावलाच दिलेली, आणि तिचं घर मेघाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. हे कळल्यावर लिलाबाईने चौदा एप्रिलसाठी मयुरीला पांढरा फ्रॉक शिवला. कॉलरवर निळ्या दोऱ्याने पिंपळाची दोन पानं भरली. माप तिच्याजवळ नव्हतं. अंगणवाडीतली साडेचार वर्षांची पोर डोळ्यांसमोर आणून तिने कापड बेतलं. बेबाबाई मुलीकडे जायला निघाली तेव्हा फ्रॉक तिच्याकडे दिला, आणि माझं नाव सांगायचं नसेल तर सांगू नको, पण पोरीच्या अंगावर घालून बघ, एवढंच सांगितलं.

बेबाबाई आठवड्याने परतली. फ्रॉक खांद्यात जरा ढिला झाला, पण पोरीने काढू दिला नाही, अंगणात गिरक्या घेतल्या, मिरवणुकीत निळा झेंडा धरून शेवटपर्यंत चालली, असं तिने सांगितलं. लिलाबाईने ते तिच्याकडून तीनदा सांगून घेतलं. पुढच्या वर्षी तिने खांदा अर्ध्या इंचाने कमी धरला. त्या वर्षी बेबाबाई म्हणाली, आता बरोबर बसला, फक्त घेर थोडा जास्त हवा होता, तिला गोल फिरायला आवडतं. तिसऱ्या वर्षी समोरचा दात पडल्याचं कळलं. चौथ्या वर्षी पोरगी बेसनाचा लाडू खाताना फ्रॉकवर तूप सांडून बसली आणि डाग निघेना म्हणून रडली. लिलाबाई हे सगळं मनात जपून ठेवायची. मशीनवर बसली की दात पडलेली, गिरक्या घेणारी मयुरी तिला समोर दिसायची. तेवढ्यावर वर्ष जायचं.

यंदा मार्चमध्ये बेबाबाईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दिपमाला काळजी घ्यायला आली, बरोबर तिची मुलगी किरण. लिलाबाई दुपारी डब्यात मुगाची खिचडी घेऊन गेली. दार किरणने उघडलं.

तिच्या अंगात पांढरा फ्रॉक होता, धुऊन धुऊन मळकट झालेला. कॉलरवर पिंपळाची दोन पानं होती. पोटावर तुपाचा पिवळट डाग होता.

लिलाबाईने आधी स्वतःचीच समजूत घातली, की मयुरीला लहान झाला म्हणून मेघाने दिपमालाच्या मुलीला दिला असेल. असं होतंच. मग तिने पोरीला विचारलं, हा डाग कशाचा? किरण म्हणाली, लाडूचा, मी रडले होते ना तेव्हा. आणि ती हसली. समोरचे दोन नवे दात तिच्या चेहऱ्याला अजून मोठे दिसत होते.

आत बेबाबाई पाय लांब करून पडली होती. तिने लिलाबाईचा चेहरा पाहिला, आणि तिला सगळं समजलं. तिने दिपमालाला पोरीला घेऊन दुकानात पाठवलं.

"पहिल्याच सालनं मेघानी पिशवी लिधी नही, लिला," ती म्हणाली. "हातबी लावा नही. तुन्हा तोंडकडे दखीसन माले सांगता उनं नही."

मेघाने पिशवी घेतलीच नव्हती, आणि लिलाबाईचं तोंड बघून बेबाबाईला ते सांगवलं नव्हतं. मग गिरक्या घेतल्या ते, दात पडला ते, हे सगळं तू रचून सांगितलंस का, असं लिलाबाईने विचारलं.

"नही. मी बठ्ठं खरंच सांगं," बेबाबाई म्हणाली. "फक्त पोर तुन्ही नव्हती, मन्ही व्हती."

लिलाबाईने डबा खाली ठेवला आणि घरी आली. दोन दिवस ती मशीनकडे फिरकली नाही. पाचवा फ्रॉक तयार होऊन खुंटीला टांगलेला होता. तिच्या ध्यानात आलं, चार वर्षं ती बेबाबाईच्या सांगण्याप्रमाणे माप सुधारत आली होती. खांदा, घेर, उंची, सगळं किरणचं होतं. आपली नात कशी दिसते, याचा तिला पत्ताच नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिने फ्रॉक पिशवीत घातला आणि चाळीसगावची बस पकडली.

मेघाचं घर तिने विचारत विचारत शोधलं. दुपारचे तीन वाजले होते. मेघाने दार उघडलं, ओळखलं, आणि क्षणभर दाराची कडी धरून राहिली. मग बाजूला झाली. तिने पाणी दिलं. पूर्वी ती लिलाबाईला आई म्हणायची. आता तिने कशानेच हाक मारली नाही.

लिलाबाई वाटभर बोलायचं ठरवून आली होती. मी त्या दिवशी बोलले ते चुकलं, माझ्या पोटचा गोळा गेला होता, भान नव्हतं, असं काहीबाही ती अडखळत म्हणाली. मेघाने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही एकदाच बोललात," ती म्हणाली. "या घरात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी सासरे गेले. झोपेतच गेले, वय झालं होतं. इथं कुणी मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. पण मला पहिलं तुमचंच वाक्य आठवलं. वाटलं, मीच आणलं का हे? मी शिकलेली बाई. ह्यांना कामाला जाताना मी अजून दारात जाऊन निरोप देत नाही. आतच थांबते."

पिशवीतला फ्रॉक काढायला गेलेला लिलाबाईचा हात तिथेच राहिला.

तेवढ्यात मयुरी शाळेतून आली. लिलाबाईने ओळखली नसती. उंच, सावळी, प्रशीलसारखं लांब मनगट, बोलणं कमी. तो फ्रॉक तिच्या गुडघ्याच्याही बराच वर राहिला असता. मयुरीने आईला विचारलं, ह्या कोण. मेघा म्हणाली, धुळ्याच्या आहेत, शिवणकाम करतात.

पोरीच्या युनिफॉर्मची खालची पट्टी उसवून लोंबत होती. खेळताना पाय अडकला म्हणून ती आईला दाखवू लागली. लिलाबाईने मेघाकडे पाहिलं आणि हलकेच विचारलं, मी घालू का टाके? मेघा आत जाऊन सुईदोरा घेऊन आली.

लिलाबाई जमिनीवर बसली. मयुरी तिच्यासमोर उभी राहिली. उसवलेली पट्टी वीतभर होती. एरवी तिने ती दोन मिनिटांत संपवली असती. आज तिने टाके बारीक घातले, एकाला एक लागून.

"आजी, टोचू देऊ नका हां," मयुरी म्हणाली.

भाजीवालीलाही ती आजीच म्हणत असेल, हे लिलाबाईला कळत होतं. तिने नाही टोचणार म्हटलं. पट्टी संपली तेव्हा तिने गाठ मारली आणि दोरा दाताने तोडायला वाकली, तर पोरीच्या गुडघ्यावरची मातीची धूळ तिच्या कपाळाला लागली. मयुरीने थँक्यू म्हटलं आणि ती आत टीव्ही लावायला पळाली.

दारापर्यंत मेघा आली. फ्रॉक लिलाबाईने काढला नाही आणि मेघाने पिशवीत काय आहे ते विचारलं नाही.

"तिला वडील माहीत आहेत ते हेच," मेघा म्हणाली. "कधी सांगेन, सांगेन की नाही, मला माहीत नाही. तुम्ही परत येऊ नका."

लिलाबाईने मान हलवली. बसस्टँडपर्यंत ती चालत गेली. उन्हात फुफाटा उडत होता. बसमध्ये शेजारच्या बाईने कुठे गेला होता म्हणून विचारलं, तर नातीकडे, असं तिच्या तोंडून निघून गेलं. पुढचं काही विचारू नये म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

बेबाबाईशी ती महिनाभर बोलली नाही. चौदा एप्रिलला विहारात दोघी एकाच सतरंजीवर, मध्ये जागा सोडून बसल्या. पण बेबाबाईचा गुडघा काही वळेना, दिपमाला सासरी परत गेली होती, आणि तिला उठायला-बसायला माणूस लागत होतं. मे महिन्यात एक दिवस लिलाबाई गेली, तिने तेल गरम केलं आणि न बोलता गुडघ्याला लावायला घेतलं. बेबाबाई रडली. लिलाबाई म्हणाली, पाय सैल सोड. जाताना तिने तो पाचवा फ्रॉक किरणसाठी तिथेच ठेवला.

पावसाळ्यात बेबाबाईला दिपमालाचा फोन आला. मेघाच्या नवऱ्याची बदली झाली, ते चाळीसगाव सोडून गेले. कुठे, ते तिला ठाऊक नव्हतं. विचारून सांगू का, असं बेबाबाईने लिलाबाईला विचारलं.

लिलाबाई गोधडीला टाके घालत होती. गल्लीतल्या एका घरात बाळ येणार होतं.

"नको," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने बेबाबाईकडून सुईत दोरा ओवून मागितला. दोनदा प्रयत्न करूनही तिला तो ओवता आला नव्हता.