डाव्या वरच्या कोपऱ्यात दुखतं

मोरिझाने साहेब मोनबेत्सूला जाणार नाहीत. पट्टी जमली, बदली रद्द झाली, साहेब इथेच राहणार.

आता हे विसरा. आमच्या कंपनीत बदल्यांची यादी एक एप्रिलला सकाळच्या सभेत वाचली जाते आणि तोवर ती कुणालाच माहीत नसते. म्हणजे सगळ्यांना माहीत असते. कँटीनच्या बाईंनी काल साहेबांच्या भातावर एक तळलेली कोळंबी जास्त ठेवली. ‘‘हे कशाबद्दल?’’ साहेबांनी विचारलं. ‘‘कशाबद्दलच नाही,’’ बाई म्हणाल्या. मग दोघं एकमेकांसमोर कमरेतून वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. आज सत्तावीस मार्च आहे. त्यामुळे मलाही काही माहीत नाही. जे घडलेलं नाही ते कसं घडलं, तेवढं सांगते.

मी मानाबे. कावानोए गावातल्या ज्या कागद गिरण्यांचा वास सकाळी घरातल्या भाताच्या वाफेत मिसळतो, त्यातल्याच एका कंपनीत मी नोकरी करते. कंपनी टिश्यू आणि डायपर बनवते. आमचा विभाग ‘चिकटणे व शोषणे, गट चार’. गट एक, दोन आणि तीन याआधीच बंद झालेत, एवढाच आमचा इतिहास. गटात माणसं दोन: मोरिझाने साहेब आणि मी. शिवाय एक ओव्हन.

आमचं काम म्हातारपणाच्या कातडीसाठी पट्टी बनवण्याचं. सत्तरीनंतर कातडी इतकी पातळ होते, की साधी चिकटपट्टी ओढली तर पट्टीबरोबर आजीही थोडी निघून येते. आमच्या पट्टीत दोन गोष्टी आहेत. एक गम, जो ओला करावा लागत नाही की तापवावा लागत नाही. अंगठ्याने दाबला की चिकटतो. दुसरी डायपरमधली पावडर. ती चमचाभर टाकली तर पेलाभर पाणी पिते आणि जेली होऊन गप्प बसते. पावडर गममध्ये मिसळायची. पट्टी काढताना वर कोमट पाणी लावायचं, की पावडर ते पिऊन फुगते, गमला खालून ढकलते आणि पट्टी अलगद सुटते. कागदावर.

प्रत्यक्षात अकरा नंबरची पट्टी पाण्याचा आवाज ऐकूनच सुटायची. एकोणीस नंबरची साहेबांच्या दंडावर अकरा दिवस राहिली. साहेबांनी तिच्यासकट एक लग्न आणि दोन बजेट मीटिंगा केल्या. बाराव्या दिवशी ती रेल्वे स्टेशनवर आपणहून उतरली.

डिसेंबरात डायरेक्टर साहेबांनी आम्हाला बोलावलं.

‘‘मोरिझाने, एकतीस मार्चपर्यंत आकडे हवेत. यंत्राचे नकोत, माणसांचे. बाजारातल्या पट्टीपेक्षा तुमची कमी दुखते, हे वीस माणसांनी सांगितलं पाहिजे. नाहीतर गट चार बंद. मोनबेत्सूच्या गोदामात जागा आहे.’’

मोनबेत्सू पार उत्तरेला. तिथे हिवाळ्यात समुद्रावर बर्फाचे तुकडे तरंगत येतात आणि कंपनीचे टिश्यूचे खोके त्यांच्याकडे बघत बसतात. डायरेक्टर साहेबांनी ड्रॉवरमधून एक पुडकं काढलं. ‘‘मनाला लावून घेऊ नका. हे सहज आणलं होतं.’’ आत लोकरीचं जाड बनियन होतं. साहेबांच्याच मापाचं.

साहेबांचं वय एक्कावन्न. त्यांनी बायकोला घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, ‘‘अरे वा. पत्र लिहीत जा.’’

माणसं मिळणं अवघड नव्हतं. आमच्या फाटकासमोरच्या मैदानात म्हाताऱ्यांचा गेटबॉल क्लब रोज लाकडी हातोड्यांनी चेंडू कमानीतून पाठवत असतो. कॅप्टन शिनोहारा आजी, वय एकोणऐंशी. त्यांनी एका शिट्टीत वीस माणसं आणली. डाव्या हाताला बाजारातली पट्टी, उजव्या हाताला आमची. दुसऱ्या दिवशी काढायची आणि फॉर्मवर आकडा लिहायचा: एक म्हणजे फार दुखलं, पाच म्हणजे अजिबात नाही, तीन म्हणजे सांगता येत नाही.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, ‘‘आपल्या पट्टीची सरासरी?’’

‘‘तीन.’’

‘‘आणि बाजारातल्या?’’

‘‘तीन.’’

‘‘एकानेही दुसरं काही लिहिलं नाही?’’

‘‘शेरा लिहिलाय ना. ‘थंडी कमी होत आहे. आपण घेतलेल्या कष्टांबद्दल आभार.’ वीस जणांनी.’’

मी डोकं चालवलं. नवा फॉर्म काढला आणि त्यातून तीन हा आकडाच उडवला. एक, दोन, चार, पाच. आता पळून दाखवा म्हटलं. फॉर्म परत आले. प्रत्येकाने दोन आणि चारच्या मधोमध फूटपट्टीने रेघ आखून सुबक तीन काढला होता आणि त्याला गोल केला होता. एका आजोबांनी तर छापताना आकडा राहून गेल्याबद्दल सहानुभूतीही कळवली होती.

मग मी शिनोहारा आजींना समोर बसवून, माझ्या हाताने त्यांची बाजारातली पट्टी ओढली. आजी हसल्या. आजींचं हसू जितकं मोठं तितकं दुखणं मोठं, असा मला संशय होता.

‘‘दुखलं ना आजी?’’

‘‘छे गं! किती मेहनत करता तुम्ही पोरी!’’

‘‘डोळ्यात पाणी आलंय.’’

‘‘वारा आहे.’’

‘‘खिडक्या बंद आहेत.’’

‘‘आमच्या वयात वारा आतून सुटतो.’’

‘‘आजी, तुम्ही खरं सांगितलं नाहीत तर आमचे साहेब मोनबेत्सूला जातील.’’

आजींचं हसू जरा लहान झालं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. ‘‘हे बघ बाळ, कुणी आपल्यासाठी काही केलं, आणि आपण म्हणायचं ‘दुखलं’? तोंड कसं दाखवू मी? खरंच ऐकायचं असेल तर त्या होशिकाकडे जा. पण माझं नाव सांगू नकोस.’’

होशिका आजोबांना सगळं गाव ओळखतं, लांबून. वय ब्याऐंशी. एक्केचाळीस वर्षं गिरणीत कागद तपासत होते. ताव बोटांखालून सरकला की कुठे पातळ झालाय ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर कागद संपला, तपासणं संपलं नाही. गेटबॉल क्लबमधून ते बाहेर पडले, कारण चेंडू एका बाजूने कमी गोल होता. आमच्या कंपनीला ते दर मंगळवारी पत्र पाठवतात. ग्राहक विभागात त्यांच्यासाठी वेगळा ड्रॉवर आहे आणि त्यात दोनशे बारा पत्रं आहेत.

फेब्रुवारीच्या मध्यात आम्ही दोघं चेस्टनटच्या मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलो.

‘‘डबा जड आहे,’’ होशिका आजोबा म्हणाले. ‘‘म्हाताऱ्या माणसाने उचलायचा कसा?’’

‘‘मिठाई हलकी आहे,’’ मी म्हणाले.

‘‘म्हणजे डबाच विकत आणलात. या आत. चपला सरळ ठेवा. सरळ म्हणजे भिंतीला सरळ, एकमेकींना नव्हे.’’

साहेबांनी सगळं सांगितलं. मोनबेत्सूही सांगितलं.

‘‘मला तुमच्या मोनबेत्सूशी काही देणंघेणं नाही. आवडलं नाही तर आवडलं नाही म्हणणार.’’

साहेबांनी चटईवर डोकं टेकवलं. ‘‘आजोबा, त्याचसाठी आलोय.’’

आधी बाजारातली पट्टी. आजोबांनी ती स्वतः ओढली आणि म्हणाले, ‘‘लिहा.’’ मग चाळीस मिनिटं बोलले. आधी कडेला मावशीने चिमटा काढावा तसं दुखलं. मग मधे जळजळ, भाजल्याची नव्हे, अपमानाची. शेवटी तीन केस गेले. ‘‘नऊ होते माझे इथे. सहांत भागवायचं का मी?’’ साहेब लिहीत होते. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना तीन सोडून दुसरं काहीतरी लिहायला मिळालं होतं, आणि केसांची संख्या तीन निघाली म्हणून त्यांनी ती ‘दोनहून अधिक’ अशी लिहिली.

मग आमची, नंबर एकतीस.

‘‘डाव्या वरच्या कोपऱ्यात दुखतं,’’ आजोबा म्हणाले. ‘‘बाकी बरी आहे. बरी म्हणजे वाईटच, पण एकसारखी वाईट.’’

दुसऱ्या दिवशी दुसरी पट्टी, तिसऱ्या दिवशी तिसरी. डाव्या वरच्या कोपऱ्यात. मी पट्टी गुपचूप उलटी फिरवून लावली. ‘‘आज उजव्या खालच्या कोपऱ्यात दुखतं,’’ आजोबा म्हणाले, ‘‘आणि तू उलटी लावलीस.’’

आम्ही धावत प्रयोगशाळेत गेलो. गम पसरवायची आमची सुरी एका टोकाला केसाच्या निम्म्या जाडीने उचललेली होती. त्या कोपऱ्यात गम जाड बसत होता आणि तिथली पावडर त्याच्या ओझ्याखाली फुगूच शकत नव्हती. ओढण्याचा जोर मोजणारं आमचं यंत्र पूर्ण पट्टीची सरासरी काढतं, त्यामुळे त्याला हे कधी कळलंच नव्हतं. यंत्राची किंमत एका मोटारीएवढी आहे.

महिनाभर आजोबा तक्रार करत होते आणि आम्ही दुरुस्त करत होतो. पावडर खरखरीत लागते, म्हणाले. ती बारीक दळली. पाणी लावल्यावर वाट बघावी लागते, म्हणाले. पाणी चटकन आत जावं म्हणून गममध्ये बारीक रस्ते ठेवले. आंघोळीच्या टबात ती आपणहून सुटून नाकासमोर तरंगली, म्हणाले, आणि हे त्यांनी पहाटे पाच वाजता फोन करून, टबातूनच सांगितलं. वरच्या कापडाला पाणी थोपवणारा थर दिला आणि पाणी फक्त कडेच्या भोकांतून आत जाईल असं केलं.

एकोणीस मार्चला नंबर अडतीस. आजोबांनी कडेला कोमट पाणी लावलं. वीस आकडे मोजले. पट्टी उचलली.

काही बोलले नाहीत.

साहेबांचा चेहरा उतरला. आजोबांनी हात उजेडात धरला, केस मोजले, पट्टी उलटून बघितली, तिचा वास घेतला.

‘‘आजोबा?’’

‘‘हं.’’

‘‘कसं वाटलं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘काही नाही म्हणजे चांगलं की...’’

‘‘काही नाही म्हणजे काही नाही!’’ आजोबा ओरडले. ‘‘कळत नाही का? शोधतोय मी! कोपऱ्यात नाही, मधे नाही, केस सहाच्या सहा! आता मंगळवारी मी लिहू काय?’’

साहेब रडले. आजोबांनी त्यांना टिश्यू दिला आणि आमच्या खोक्यातून एकदम दोन येतात याची आठवण करून दिली.

पण डायरेक्टर साहेबांना वीस माणसं हवी होती, आणि आमची वीस माणसं म्हणजे वीस वेळा तीन. हे ऐकून होशिका आजोबांनी टोपी घातली. ‘‘चला. कुठे आहेत ते सगळे गोडबोले?’’

तेवीस मार्चला क्लबच्या खोलीत वीस जण ओळीने बसले. आजोबा समोर. मी शिनोहारा आजींची बाजारातली पट्टी ओढली. आजी गोड हसल्या आणि त्यांनी पेन उचललं.

‘‘एक!’’ होशिका आजोबा म्हणाले. ‘‘पायाचा अंगठा वळला तिचा. लिही एक.’’

‘‘अहो, असं कसं म्हणता!’’ आजी लाजल्या. ‘‘एवढी पोर राबतेय.’’

‘‘मी म्हणतोय. तू कुठे म्हणतेस? तू गप्प बस आणि सभ्य राहा.’’

आजींनी विचार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘होशिकांचा स्वभाव तुला माहीतच आहे. त्यांचं मन मोडायला नको.’’ आणि एक लिहिला. लिहिताना त्यांचा जीव असा काही मोकळा झाला, की शेजारच्या आजोबांनी आपली पट्टी निघायच्या आधीच विचारलं, ‘‘माझंही सांगाल का हो?’’

तासाभरात खोलीत नुसता गोंधळ. ‘‘दोन!’’ ‘‘दोन कसले, एक सांगा ना!’’ ‘‘भुवई हलली नाही तुझी, दोनच!’’ बाजारातल्या पट्टीला एक आणि दोन. आमच्या पट्टीला पाच, पाच, पाच. एक चार, पण त्या आजींचा गुडघा दुखत होता आणि त्यांनी ते चाळीस वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं, म्हणून आजोबांनी तो चार तसाच राहू दिला. शेवटी सगळ्यांनी मिळून होशिका आजोबांना त्यांच्या उद्धटपणाबद्दल नावं ठेवली आणि पुढच्या गुरुवारी खेळायला बोलावलं.

डायरेक्टर साहेबांनी आकडे दोनदा वाचले. ‘‘एवढे स्पष्ट आकडे या गावातून? कुणी काढले?’’ साहेबांनी खरं सांगितलं आणि दोनशे बारा पत्रं टेबलावर ठेवली. ‘‘या माणसाने यात एकदाही ‘काही नाही’ असं लिहिलेलं नाही. एकोणीस तारखेला तो तसं म्हणाला.’’ डायरेक्टर साहेबांनी सतरा पत्रं वाचली, त्यांतल्या चार तक्रारी त्यांच्या स्वतःच्याच सहीबद्दल होत्या, आणि शिक्का उचलला.

राहता राहिला गुणवत्ता विभाग. त्यांनी आज सकाळी एकच प्रश्न पाठवला: आकडे ज्या यंत्राने घेतले त्याचा नोंदणी क्रमांक काय? नोंद नसलेल्या यंत्राचे आकडे नियमाप्रमाणे धरता येत नाहीत. साहेब म्हणाले, ‘‘मानाबे, काहीतरी लिही.’’ म्हणून मी हे लिहिलं आहे:

प्रति, सामान्य प्रशासन विभाग.

विषय: मोजमाप यंत्रांच्या नोंदवहीत एका यंत्राची भर घालणे.

श्री. होशिका तोकुजी, एक नग, बांधणीचं वर्ष ब्याऐंशी वर्षांपूर्वीचं, चालू स्थितीत, यांची नोंद ‘दुखणे मोजण्याचे यंत्र’ या सदराखाली एकतीस मार्चच्या आत करण्यात यावी. यंत्र वार्षिक तपासणीसाठी बाहेरगावी जाण्यास तयार नाही. तपासणाऱ्या संस्थेनेच इथे येऊन स्वतःला त्याच्याकडून तपासून घ्यावं, असं यंत्राचं म्हणणं आहे. यंत्रावर मालमत्ता क्रमांक लावण्यास डाव्या दंडाची संमती मिळाली आहे. नंबर अडतीस यशस्वी झाल्यापासून यंत्राला काम उरलेलं नाही आणि ते खचत चाललं आहे. तरी यंत्राची क्षमता टिकून राहावी म्हणून त्याला आमच्या विभागात बसण्यासाठी एक खुर्ची, शक्यतो तक्रार करण्याजोगी, मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.