गंज की झीज

पैज लागली कुलूपवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर, आणि लावली मीच. माझं सोफे दुरुस्तीचं दुकान त्याच्याला लागूनच. हा गडी रोज सकाळी मागे कुत्रं लागल्यासारखा धावतो आणि परत आला की पायरीवर बसून माशासारखी तोंडाची उघडमीट करतो. तोवर माझा चहा चाललेला असतो. त्या दिवशी मी म्हटलं, बाबा रे, ज्या सोफ्यावर जास्त बसतात त्याच्याच स्प्रिंगा आधी जातात. तू आतून झिजलायस. माझा माल बघ, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

तो म्हणाला, प्लास्टिकच्या आत पोट तेवढं वाढलंय. आणि न फिरवलेलं कुलूप गंजतं, हे तुला कुणी सांगितलं नाही वाटतं.

समोरच्या न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस तसाच ठेवून विचारलं, मग ठरवणार कोण?

ठरवणार माझी भाची. ती प्रयोगशाळेत कामाला आहे. व्यायामानं रक्तात काय उलथापालथ होते तेच तिथं बघतात, आणि तिला माणसं हवीच होती. तिनं समजावलं की जोर लावला की शरीर ऑक्सिजन जास्त ओढतं, त्यातून काही तिरसट कण सुटतात आणि दिसेल त्याला चावतात, पेशीतल्या डीएनएच्या धाग्यालासुद्धा. एका परीनं गंजच म्हणा. गंज हा आपलाच शब्द निघाला म्हणून कुलूपवाला पैज जिंकल्यासारखा हसला. तिनं पुढं सांगितलं, रक्तातल्या पेशी जेलीत ठेवून वीज सोडली की तुटके धागे एका बाजूला ओढले जातात, आणि मायक्रोस्कोपखाली पेशीला धूमकेतूसारखी शेपटी दिसते. मोडतोड जास्त, तर शेपटी लांब.

"मामा, तुला शेपटी आहे हे घरात सगळ्यांना आधीच माहीत आहे," ती म्हणाली.

दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, असंही ती म्हणाली होती, पण ते ऐकतोय कोण. अट मी घातली. ट्रेडमिलवर दोघांनी एकाच वेगानं पळायचं, म्हणजे नंतर रडारड नको. आधी रक्त द्यायचं, नंतर द्यायचं. ज्याची शेपटी जास्त वाढेल तो हरला. मी जिंकलो तर त्यानं धावणं कायमचं बंद करायचं. तो जिंकला तर मी चड्डी घालून भर बाजारात त्याच्याबरोबर धावायचं.

ट्रेडमिलच्या आदल्या दिवशी वहिनी, म्हणजे कुलूपवाल्याची बायको, माझ्या दुकानात आली. उशी शिवायला टाकायचीय म्हणाली, पण उशी आणलीच नव्हती. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग मुद्द्यावर आली.

"भाऊजी, धावायला लागल्यापासून हे बाटलीला शिवले नाहीत. तुम्ही जिंकलात तर सकाळी उठून काय करतील?"

पैज मोडावी तर कारण काय सांगू? कीव केलेली त्याला खपत नाही. तेव्हा हरायचं ठरवलं. पण हरायचं कसं? पत्ते असते तर हुकमाचा एक्का गुपचूप बाहीत सरकवला असता. रक्त थोडंच माझं ऐकणार?

ट्रेडमिल सुरू झाली. खोट्या धापा टाकायचा बेत होता, पण ती वेळच आली नाही. खऱ्यांनीच डोळ्यांपुढे काजवे आणले. शेजारी कुलूपवाला शीळ घालत होता.

निकाल सांगायला भाची दुकानात आली तेव्हा अख्खी गल्ली जमली होती. शेपटी वाढली होती ती माझी.

"वेग एकच होता मामा, जोर एक नव्हता. काकांसाठी ते फिरणं होतं, तुझ्यासाठी मरणाची शर्यत." घाबरू नकोस, शरीर हे धागे स्वतःच सांधतं, असं ती म्हणाली. रोज बेतानं हललं की सांधायलाही शिकतं. मग ती कुलूपवाल्याकडे वळली. तुम्ही रोज जीव तोडून पळता तसं पळवून रक्त घेतलं असतं, तर तुमचीही शेपटी वाढली असती. एक दिवस विसावा नाही, मग सांधायला सवड कुठे मिळणार?

त्याची छाती फुगली होती ती खाली बसली. त्यानं हळूच विचारलं, "सावकाश धावलं तर पुरेल का?"

गल्लीला वाटलं तो तब्येतीचं विचारतोय. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.

भाची म्हणाली, गप्पा मारता येतील इतक्या वेगानं धावा. पुरेल.

"गप्पा मारायच्या कुणाशी?" तो म्हणाला, आणि सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी बाजार भरलेला असताना मी चड्डी घालून उतरलो. भाजीवालीनं विचारलं, चड्डी थोरल्या पोराची आहे की धाकट्याची? न्हाव्यानं वस्तरा ठेवून शिट्टी मारली. आम्ही निघालो. कोपऱ्यावर दारूचं दुकान आलं आणि याचे पाय आपोआप सुसाट सुटायला लागले. तेव्हा कुठे कळलं, हा रोज एवढा जीव तोडून का पळतो. मी त्याच्या शर्टाचं टोक धरलं आणि एका गिऱ्हाइकाच्या सोफ्यात उंदरानं आपलं सगळं सासर कसं आणून वसवलं होतं, ते धापा टाकत सांगायला लागलो. हसता हसता तो हळू झाला. सासूपर्यंत आलो तोवर दुकान मागे पडलं होतं, आणि पाठीमागून न्हावी अख्ख्या बाजाराला ओरडून सांगत होता, सोफा पळाला, सोफा पळाला.