सुंदराचा राग

वैशाखऱ्यांच्या घरातल्या भगीरथला बोलायची सवय नव्हती, तशी गरजही कधी पडली नव्हती. तीस वर्षं घरातलं सगळं बोलणं त्याची बायको सुंदराच करायची. सोयरीक असो, तलाठ्याकडची खेप असो, कोंबडी दुसऱ्याच्या परसात गेल्याचं भांडण असो, सुंदरा पुढे आणि हा पिशवी धरून मागे. माघात एका सकाळी ती चुलीपुढेच कलंडली. पंधरा दिवस कल्याणच्या दवाखान्यात काढून घरी आली तेव्हा उजवा हातपाय लुळा पडला होता आणि वाचा गेली होती.

घरी आल्यावर तिनं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. पेजेचे दोन घास घ्यायची, तिसऱ्याला दात आवळायची. लेक अपेक्षा मुरबाडला कंपनीत कामाला होती. संध्याकाळी येऊन ती आईचे हातपाय चोळायची आणि बापावर वैतागायची.

"डॉक्टरांनी सांगलंय ना, तिच्याशी बोला म्हनून? तुमी नुसते बसून रहाता."

"काय बोलू गो?"

"काय पन बोला."

भगीरथ खाटेपाशी बसायचा. "म्हशीनं आज दूध कमी दिलं," एवढं म्हणायचा आणि पुढचं सुचायचं नाही. सुंदरा डोळे मिटून घ्यायची. बायकोशी धड चार शब्द बोलता येत नाहीत, मग इतकी वर्षं संसार केला तो कसला, असं त्याच्या मनात यायचं.

वैशाखात शेजारच्या पाड्यावर रखमीच्या लेकीची, भाविकाची हळद होती. सुंदराशिवाय तिथं हळदीचं गाणं कधी उठलं नव्हतं. भाविका स्वतः बोलवायला आली. "काकी, तू आल्याबिगर मी हलद लावून नाय घ्यायची."

सुंदराच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याचा अर्थ भगीरथनं हो असा घेतला. दुपार कलल्यावर तिला नवं लुगडं नेसवलं, पाठुंगळी घेतलं, पंच्यानं स्वतःशी बांधून घेतलं आणि निघाला. अपेक्षा कामावर होती. असती तर तिनं अडवलं असतं.

मांडवात पाय टाकला आणि गलका थांबला. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. भाविकाची आई रखमी हळद लावायला पुढे आली, पण सुंदराचा लुळा हात हातात घेताच तिला रडू फुटलं. सुंदरानं मान फिरवली आणि डाव्या मुठीनं नवऱ्याच्या खांद्यावर मारायला लागली. तो तसाच मागे वळला.

वाटेत ती पाठीवर हुंदके देत होती.

"चुकलं माजं," भगीरथ म्हणाला. "मला वाटलं, चार मान्सांत तुला बरं वाटंल. तू गप झालीस तवापासून घर खायला उठतं गो. मी कुनाकडं बघू?"

एवढं सलग तो जन्मात बोलला नसेल. बोलण्याच्या नादात बांधाची कड दिसली नाही. पाय सटकला आणि दोघं खाली, राबासाठी, भातरोपांची जागा भाजायला रचून ठेवलेल्या पाल्याच्या ढिगात.

घाईघाईनं पंचा सोडून त्यानं तिला उताणं केलं. केसांत, तोंडावर नुसता पाला.

"मेल्या," सुंदरा म्हणाली.

शब्द जड होता, वाकडा होता, पण पुरा होता.

"काय बोललीस?"

"मेल्या."

भगीरथ हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. सुंदराचा डावा गाल हलला, उजवा तसाच ओघळलेला राहिला, पण ती हसत होती. पुष्कळ वेळ दोघं तशीच पाल्यात बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मात्र एक शब्द नाही. भगीरथ हादरला, तरी बोलत राहिला. चौथ्या दिवशी तिनं पेजेची वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "मीठ."

पावसापर्यंत दहा-बारा शब्द जमले, त्यातल्या निम्म्या शिव्या. हात आता फारसा सुधारणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. अजूनही एखाद्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करते. पण भाकरी खाते. संध्याकाळी अपेक्षा घरात शिरते तेव्हा बाप दिवसभराचं काहीबाही सांगत असतो आणि आई "नाय, नाय" करत असते. त्यात काय चुकलंय ते तिला सांगता येत नाही, म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो.