हलकं रीळ

अप्पांच्या तेराव्याची पानं उचलून झाली आणि विश्वेशने कपाटावरची अप्पांची मासेमारीची काठी खाली काढली.

"अक्का, एवढं भारी रीळ पाठवलं मी. त्यांनी कपाटावर टाकून ठेवलं. जन्मभर असंच. ही मी सिऍटलला नेतो, हॉलमध्ये लावीन."

माझ्या हातात पाण्याची कळशी होती. मी ती खाली ठेवली. "पुसून देते," म्हटलं आणि काठी घेतली.

अप्पा पाटबंधारे खात्यात असताना प्रशिक्षणासाठी स्कॉटलंडला गेले होते, तिथून ही काठी आली. चौदा फूट लांब, दोन्ही हातांनी धरायची. हिची लाइन, म्हणजे दोरी, मागे झुलवावी लागत नाही. समोर पाण्यावरच वळवायची आणि पुढे सोडायची. म्हणून आमच्या घाटावर, पाठीशी पिंपळ असतानाही ती चालली. गळ मात्र तिला कधी लागला नाही. मासा मेला तर उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही, अशी आजीची अट होती. अप्पांनी लाइनच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा बांधला आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून तो फेकीने कावेरीच्या मध्यावर नेऊन ठेवू लागले. नदीला पाणी असेल तोवर रोज सकाळी. घाटावर शेजारचे शंकरनारायण मामा तमिळमध्ये विचारायचे, "सार, आज काय गावलं?"

"भूक," अप्पा सांगायचे.

गेल्या वर्षी जुनं रीळ गंजून अडकलं, लाइनला भेगा पडल्या. विश्वेशने नवं रीळ आणि नवी लाइन पाठवली. त्या दिवसापासून अप्पांची फेक गेली. काठी पुढे झुकायची, लाइन पायाशी गोळा व्हायची. वरच्या हाताने आवळून आवळून मनगट सुजायचं; संध्याकाळी ते तेल चोळत बसायचे. "हात गेले, वाणी," मला म्हणाले. एके दिवशी त्यांनी काठी कपाटावर ठेवली. मग कॉफीही नदीकडे पाठ करून प्यायला लागले. त्याच समजुतीत गेले.

तेराव्याच्या दिवशी दुपारी अप्पांसाठी लावलेली नाचियार्कोविलची समई घासायची होती. चिंच भिजत घालून मी तिचे आटे सोडवले. पुसलेली काठी शेजारीच होती. वरचा हात जिथे धरतो तिथे तिच्याखाली बोट धरलं. विश्वेशचं रीळ लावलेलं होतं. टोक थेट जमिनीला गेलं. मी रिळापाशी समईच्या खांबाचा एक तुकडा फडक्यात बांधला. टोक उचललं. दुसरा बांधला, तेव्हा काठी बोटावर आडवी स्थिर राहिली. मग अडगळीतून जुनं रीळ काढून तराजूत घातलं. ते विश्वेशच्या रिळाहून जवळजवळ त्या दोन तुकड्यांच्या वजनाइतकं जास्त भरलं. त्यानंतर मी लाइनच्या डब्यावरचा आकडा वाचला, फोनवर शोधलं, आणि पुष्कळ वेळ चिंचेच्या पाण्यात हात घालून बसले.

"सकाळी घाटावर चल," मी विश्वेशला म्हटलं. "नेण्याआधी एकदा टाकून बघ."

तो खूश झाला. शाळेत असताना अप्पांनीच त्याला शिकवलं होतं.

पहिल्या फेकीला लाइन त्याच्या पायाशी पडली. "सवय गेली," तो हसला. पुढची तशीच. त्याच्या मुंडन केलेल्या डोक्यावर घाम आला.

"ही पुढे झुकतेय गं."

"हो."

शंकरनारायण मामा धोतर पिळत पायरीवर थांबले. "रावांचा मुलगा ना? बापासारखंच टाकतोस. शेवटी शेवटी त्यांचंही असंच पडायचं."

विश्वेशने माझ्याकडे पाहिलं.

"काठीवर काय आकडा आहे?" मी विचारलं.

"आठ."

"आणि लाइनच्या डब्यावर?"

"आठच. नंबर बघूनच घेतली, अक्का. रीळ तर दुकानातलं सगळ्यात हलकं, सगळ्यात महाग."

"तो एका हाताच्या काठीचा आठ. दोन हातांच्या काठीचा आठ त्याच्या दुपटीहून जड असतो. लाइनच्या वजनाने काठी वाकते, वाकली तरच फेकते. ही वाकतच नव्हती. आणि एवढ्या लांब काठीला बुडाशी वजन लागतं, नाहीतर सगळा भार मनगटावर येतो. तू हलकं पाठवलंस."

त्याने काठी पायरीवर टेकवली. "मग त्यांनी सांगायचं. एक मेसेज करायचा."

"काय सांगणार? पोराने अमेरिकेतून पाठवलं म्हणून ते रीळ अख्ख्या रस्त्याला दाखवून झालं होतं. त्यात खोट असेल हे त्यांच्या मनात आलंच नाही. खोट त्यांना स्वतःच्या हातात दिसली."

"मला माहीत नव्हतं, अक्का."

"विचारलंस का? एकदा तरी, की अप्पा, कशी पडते लाइन?"

मामा ओलं धोतर खांद्यावर टाकून निघून गेले. त्यांना आमची घरची मराठी कळत नाही. आवाज कळला असावा.

"वजन सांग," विश्वेश म्हणाला. "बरोबर बसेल ते रीळ आणि लाइन मी पाठवतो."

"मी मागवलंय. जड रीळ, दोन हातांची लाइन. काठी इथेच राहील. तुझं रीळ तू घेऊन जा."

त्याने मान डोलवली आणि काठी माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला नाही.

"टाक अजून," मी म्हटलं.

"दुखतंय गं मनगट."

"अप्पांनी अख्खा हंगाम टाकली."

तो पुन्हा पाण्याकडे वळला. मी पायरीवर बसले. लाइन त्याच्या पायाशी पडली. त्याने ती गोळा केली आणि पुन्हा उचलली, आणि मी त्याला थांब म्हटलं नाही.